मिक्सरवरची बटणं कुठं गेली?

ऐकायचं असेल तर वरचं प्ले दाबा, बसमध्ये हेडफोन विसरला असाल तर खाली वाचत राहा. आजचा भाग जरा घरचा आहे. म्हणजे इतिहासच आहे, पण सुरुवात आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून.

मी मुळशी तालुक्यातली. नोकरी हिंजवडीला, आणि हिंजवडीही मुळशी तालुक्यातच येते, हे तिथं रोज ट्रॅफिकमध्ये अडकणाऱ्या निम्म्या लोकांना ठाऊक नसतं. पण आमचं गाव पौडच्याही पुढं, धरणाच्या बाजूला. दरवर्षी तिथं अखंड हरिनाम सप्ताह असतो. पहाटे काकडा, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन, शेवटच्या दिवशी काला. गेल्या दिवाळीनंतर ग्रुपवर सप्ताहाचे खजिनदार अण्णा यांचा मेसेज पडला: "यंदा स्वतःचा डिजिटल मिक्सर घ्यायचा ठरलं आहे. वर्गणीतून एक लाख दहा हजार शिल्लक. कॉम्प्युटरवाल्या ताईंनी कोणता घ्यायचा ते सांगावे."

कॉम्प्युटरवाली ताई म्हणजे मी. बीटेक केलं की गावात तुम्हाला प्रिंटरपासून बोअरवेलच्या मोटरपर्यंत सगळं येतं असं धरलं जातं.

मी दोन रात्री बसून एक्सेल शीट केली. किती चॅनल, किती आउटपुट, किंमत, वॉरंटी. उत्तर सोपं दिसत होतं: एक छोटी पेटी घ्यायची, तिला वाय-फाय लावायचं आणि टॅबवरून सगळं चालवायचं. स्वस्त, हलकी, आणि फीचर्स इतकी की वाचताना दम लागेल.

पण त्याच्या आदल्या वर्षी घडलेली गोष्ट मी विसरले नव्हते. त्या वर्षी पुण्याहून अशीच एक पेटी भाड्यानं आणली होती. गेली तीस वर्षं सप्ताहाचा आवाज बघणारे आमचे साऊंडवाले काका हातात टॅब घेऊन मंडपाच्या मागं बसले होते. संध्याकाळी रिकाम्या मंडपात सगळं झकास चाललं. रात्री कीर्तनाला पाचेकशे माणसं आली, म्हणजे पाचेकशे मोबाइल आले, आणि ऐन रंगात टॅबचं कनेक्शन तुटलं. तेवढ्यात कीर्तनकार महाराज चालत स्पीकरच्या पुढं आले आणि माइकनं कूई धरली. कानात सुई घातल्यासारखी. काका टॅबच्या काचेवर बोट घासत होते आणि काहीच होत नव्हतं. शेवटी एका पोरानं पळत जाऊन माइकची वायरच उपटली. माणसं हसली. काका हसले नाहीत.

मी शीट दाखवायला त्यांच्याकडे गेले तेव्हा त्यांनी ती नीट पाहिली, चष्मा काढला आणि म्हणाले, "पोरी, आवाज कसाही असू दे गं. मला हात ठेवायला जागा बघ."

हे वाक्य घेऊन मी घरी आले आणि शीट बंद करून इतिहास वाचायला लागले. स्वस्त मिक्सरमधून हात ठेवायची जागा नेमकी कधी गेली, आणि का?

थोडं मागून सुरू करू या. १६ एप्रिल १९२१, रामनवमी. आमच्याच खोऱ्यात मुळशी सत्याग्रह सुरू झाला. टाटांच्या वीज कंपनीला मुळा नदीवर धरण बांधायचं होतं आणि पन्नासच्या आसपास गावं पाण्याखाली जाणार होती. पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' हे नाव याच लढ्यानं दिलं. आता डोळ्यांसमोर आणा: मावळातली सभा, डोंगराचा वारा, आणि बोलणाऱ्याकडे फक्त गळा. लाऊडस्पीकर नाही. पुढं बसलेल्यांना सगळं ऐकू येणार, मागच्यांपर्यंत पुढच्यांकडून सांगोवांगी जाणार. लढा १९२४ पर्यंत रेटला गेला, पण धरण झालंच. १९२७ साली त्याच्या पाण्यावर खाली कोकणात भिऱ्याला वीज तयार व्हायला लागली आणि ती गेली मुंबईकडे. आमच्या गावात दिवा लागला तो पुष्कळ नंतर, माझे आजोबा बाप्ये झाल्यावर.

जी वीज मुंबईला गेली, तिच्याच जोरावर आवाज मोठा करायचा धंदा मुंबईत उभा राहत होता. आजही ज्या धाटणीचा स्पीकर आपण वापरतो, म्हणजे चुंबकात हलणारी तारेची गुंडाळी आणि तिला चिकटलेला पडदा, तो अमेरिकेत राईस आणि केलॉग या दोन इंजिनिअरांनी १९२५ साली मांडला. इकडे मोटवाने कुटुंबाची एक कंपनी होती. सिंधमधल्या सक्करला १९०९ मध्ये सुरू झालेली, पुढं मुंबईत आलेली. तिचं नाव पडलं शिकागो रेडिओ. गांधी-नेहरूंचे जुने फोटो झूम करून बघा, माइकवर 'शिकागो रेडिओ' अशी पट्टी दिसेल. १९३० च्या दशकात काँग्रेसच्या मोठमोठ्या सभांचा आवाज त्यांनीच सांभाळला. १९४२ मध्ये उषा मेहतांचं गुप्त काँग्रेस रेडिओ पकडलं गेलं, तेव्हा सामान पुरवल्याच्या आरोपावरून नानक मोटवाने यांनाही अटक झाली होती. पुढं ते सुटले. साऊंडवाल्याला सामानावरून तुरुंगात टाकल्याचं उदाहरण मला तरी दुसरं माहीत नाही.

गावोगावी मात्र जे पोचलं ते वेगळं. एक ॲम्प्लिफायर, एक किंवा दोन माइक, आणि झाडावर बांधलेला कर्णा. दिल्लीची आहुजा कंपनी १९४० ची. आपल्याकडे तर 'आहुजा' हा शब्दच ॲम्प्लिफायरसाठी वापरतात, जसं सगळ्या झेरॉक्सला झेरॉक्स. कर्णाच का? कारण सुरुवातीच्या व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरमधून ताकद फार थोडी मिळायची, आणि कर्ण्याच्या आकारामुळं थोड्या ताकदीत आवाज लांब जातो. गोडवा जातो तो जातो. पण लग्नात, सप्ताहात, निवडणुकीत आवाज शेजारच्या वाडीला ऐकू गेला म्हणजे झालं.

या यंत्राला मिक्सर लागत नव्हता, कारण मिसळायला काही नव्हतंच. ॲम्प्लिफायरच्या तोंडावरच दोन-तीन कळा. काकांनी सुरुवात केली ती अशाच एका डब्यावर. ते म्हणतात, "तेव्हा महाराज एकटेच माइकवर असायचे. पखवाजाला माइक? पखवाजाला कसला माइक, तो आपला आपण वाजतो!"

खरी अडचण सुरू झाली ती प्रत्येकालाच माइक हवा झाला तेव्हा. परदेशात हे १९६० च्या दशकाच्या शेवटी रॉक संगीतामुळं झालं. १९७३ साली इंग्लंडमध्ये फिल डडरिज आणि ग्रॅहम ब्लाइथ यांनी साऊंडक्राफ्ट सुरू केली आणि पहिलाच मिक्सर पत्र्याच्या कडा असलेल्या प्रवासी पेटीत बसवला, म्हणजे झाकण लावा, ट्रकमध्ये टाका, पुढच्या गावाला चला. मंडपवाल्याच्या दृष्टीनं हा केवढा मोठा शोध! मग १९९० च्या सुमारास अमेरिकेत ग्रेग मॅकी यांनी टेबलावर मावणारा सोळा चॅनलचा मिक्सर आणला, आणि छोट्या बँडलाही तो परवडायला लागला. १९८९ मध्ये जर्मनीत उली बेहरिंजर यांनी कंपनी काढली आणि तसलंच सामान आणखी स्वस्तात द्यायला सुरुवात केली, इतकं तसलंच की मॅकींनी नक्कल केल्याचा दावा लावला. १९९९ मध्ये सिॲटलच्या कोर्टानं मॅकींचा नकलेबद्दलचा दावा फेटाळला. सर्किट बोर्डाची मांडणी कॉपीराइटमध्ये बसत नाही असं ठरलं. तुम्हाला हे बरोबर वाटो वा न वाटो, गल्लीतल्या ऑर्केस्ट्राकडे मिक्सर आला तो या असल्या स्वस्ताईमुळंच.

आता इथं मला माझं शिक्षण कामी आलं. ॲनालॉग मिक्सरमध्ये प्रत्येक चॅनलचं हार्डवेअर वेगळं असतं. सोळा चॅनल म्हणजे तोच सर्किटचा संसार सोळा वेळा मांडायचा. प्रत्येकाला कॉम्प्रेसर हवा? सोळा डबे विकत घ्या. कूई मारायला एकतीस पट्ट्यांचा इक्वलायझर? तो आणखी एक डबा, तोही प्रत्येक मॉनिटरला वेगळा. डिजिटलमध्ये आवाजाचे आकडे होतात, आणि मग सोळा काय नि बत्तीस काय, कोड तोच असतो. आम्ही त्याला लूप म्हणतो. चिप दमेपर्यंत फिरवा, जास्तीचा खर्च जवळपास शून्य.

१९९४ मध्ये यामाहानं प्रोमिक्स ०१ काढला. लहान स्टुडिओला परवडेल असा डिजिटल मिक्सर, आणि त्याचे फेडर मोटरवर आपोआप हलायचे. सेटिंग सेव्ह करा, बटण दाबा, सगळ्या दांड्या आपल्या जागी सरकतात. पहिल्यांदा बघणाऱ्याला भूत वाटावं. २००५ चा यामाहा एम७सीएल मोठ्या कार्यक्रमांत सगळीकडे दिसायला लागला, पण तो आपल्या वर्गणीच्या आवाक्यातला नव्हे. २००९ मध्ये प्रिसोनसनं स्टुडिओलाईव्ह स्वस्तात दिला. कशात काटकसर केली माहितीय? फेडरच्या मोटर काढून टाकल्या. सेव्ह केलेलं सेटिंग परत आणलं की दांड्या तुम्ही हातानं जागेवर न्यायच्या.

माझ्या मते सगळी गोष्ट इथंच आहे. चिप दरवर्षी स्वस्त होत गेली. पण दांडी, मोटर, कळ, स्क्रीन, पत्रा यांची किंमत तशी कमी होत नाही. त्यांना लूप लावता येत नाही. सोळा दांड्या म्हणजे सोळा दांड्याच. म्हणून किंमत पाडायची झाली की कात्री बसते ती हाताच्या जागेवर.

आणि जानेवारी २०१२ मध्ये अमेरिकेतल्या एकाच व्यापारी जत्रेत दोन्ही वाटा शेजारी शेजारी दिसल्या. एकीकडे बेहरिंजरचा एक्स३२. बत्तीस माइक, मोटरवाले पंचवीस लांब फेडर, आणि किंमत तीन हजार डॉलरच्या आत. २००९ च्या शेवटी बेहरिंजरच्या मूळ कंपनीनं मायडास ही मोठमोठ्या मैफिलींच्या मिक्सरसाठी नावाजलेली इंग्लिश कंपनी विकत घेतली होती, आणि तिच्या इंजिनिअरांचं काम यात उतरलं होतं. दुसरीकडे मॅकींच्या कंपनीचा डीएल१६०८. त्यावर दांड्याच नाहीत! सोळा माइकच्या सॉकेटांची पेटी, आणि वर खाच, ज्यात तुमचा आयपॅड सरकवायचा. आयपॅड बाजारात येऊन तेव्हा दोन वर्षंही झाली नव्हती. कालचे वादी-प्रतिवादी, बरं का. एकानं दांड्या स्वस्त केल्या, दुसऱ्यानं त्या काढूनच टाकल्या. पुढच्या काही वर्षांत बेहरिंजर आणि साऊंडक्राफ्टनंही बिनदांड्यांच्या पेट्या आणल्या, आणि लाखाच्या आतलं दुकान मुख्यतः त्यांनी भरलं.

आपल्या पिढीला त्यात काही वावगं वाटत नाही. आपलं बोट काचेवरच वाढलंय. पण काका काम करताना एकदा बघा. त्यांची नजर महाराजांवर असते, मिक्सरकडे ते बघतच नाहीत. डाव्या हाताची दोन बोटं महाराजांच्या आणि गायकांच्या दांडीवर, उजवा हात पखवाजावर. महाराजांनी श्वास घेतला की बोट खाली, बोलायला लागले की वर. टाळकऱ्यांनी लय वाढवली की टाळाचा खणखणाट महाराजांच्याच माइकमध्ये शिरतो, तेव्हा कुठली दांडी किती ओढायची ते बोटाला माहीत असतं. काचेवर बोटाला काही लागत नाही. बघावं लागतं. बघायला मान खाली घातली की महाराज स्पीकरपुढं चालत आलेले दिसत नाहीत.

मग शीट पुन्हा उघडली आणि खरोखर लागतं काय ते मोजलं. महाराजांना एक माइक, एक राखीव. गायक चार. हार्मोनियम एक. पखवाजाला दोन, कारण शाईची बाजू आणि कणीक लावलेली धुमाची बाजू यांचा आवाज पूर्णपणे निराळा असतो. टाळकऱ्यांवर वरून दोन. सूत्रसंचालनाला एक. झाले बारा. मोबाइलवरून भूपाळ्या लावायला स्टिरिओ, म्हणजे दोन. चौदा. सोळात काम भागतं. बत्तीसची हाव नको. बाहेर जायला: मुख्य स्पीकर दोन, महाराज, गायक आणि पखवाज यांना मॉनिटर तीन, मागच्या मंडपाला एक. तो मागचा स्पीकर किंचित उशिरा वाजवावा लागतो. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे चौतीस मीटर मागं बसलेल्याला पुढचा आवाज दहाव्या हिश्श्यानं उशिरा पोचतो. मागचा स्पीकर लगेच वाजला तर शब्द दोनदा ऐकू येतो. हा उशीर डिजिटलमध्ये आकडा टाकून मिळतो. ॲनालॉगला त्याचाही वेगळा डबा.

"डिजिटलमध्ये आवाज मागनं येतो म्हणे," अशी शंका ग्रुपवर एकानं काढलीच. येतो, एखाद-दोन मिलिसेकंदांनी. म्हणजे तुम्ही स्पीकरपासून हातभर मागं सरकून बसल्यासारखं. सोडून द्या.

नवीन, दांड्यांचा, सोळा चॅनलचा चांगला मिक्सर आम्हाला सांगितलेल्या भावात दोन लाखांच्या पुढं जात होता. बिनदांड्यांची पेटी साठ ते ऐंशी हजार. राहता राहिलं जुनं. पुण्यात भाड्यानं साऊंड देणारे लोक तीन-चार वर्षांनी सामान बदलतात, हे काकांनीच सांगितलं. मग आम्ही दोघं दोन रविवार फिरलो. काकांची तपासायची पद्धत लिहून ठेवा, उपयोगी पडेल. एकच माइक आणि एकच वायर घेऊन प्रत्येक सॉकेटला लावायची, खरखर कान देऊन ऐकायची. काही माइकना लागणारा ४८ व्होल्टचा पुरवठा प्रत्येक चॅनलवर चालू-बंद करून बघायचा. मग सगळ्या दांड्या खाली, सेव्ह. सगळ्या वर, सेव्ह. आणि दोन्ही सेटिंग वीस वेळा आलटून पालटून बोलवायची. जी मोटर थकलेली असेल ती मागं राहते किंवा थरथरते. पहिल्या ठिकाणी तीन दांड्या थरथरल्या. मालक म्हणाला, "ऑइल टाकलं की होतं." काका म्हणाले, "मग टाका आणि तुम्हीच वापरा."

दुसऱ्या ठिकाणी मिळाला. सोळा मोटरवाले फेडर, एक लाख पाच हजार. अण्णांना सेकंडहँड हा शब्द आवडला नाही. वर्गणीच्या पैशाचं आहे, लोक विचारतील, वॉरंटी कुठाय? मी त्यांना एवढंच म्हणाले, की अण्णा, नव्या पेटीबरोबर नवा माणूसही आणावा लागेल, त्याची वर्गणी वेगळी काढा. ते गप्प बसले. पटलं की राग आला ते अजून कळलेलं नाही.

माझं काम सेटिंगचं. हरिपाठाचं एक, कीर्तनाचं एक, काल्याचं एक. महाराजांच्या माइकमधून शंभर हर्ट्झच्या खालचं सगळं छाटलं, त्यानं मंडपाच्या फळ्यांची धमधम गेली. कूई धरणाऱ्या दोन-तीन जागा रिकाम्या मंडपातच मुद्दाम कूई काढून शोधल्या आणि तिथं खाच पाडली. शेवटी लिमिटर, म्हणजे कोणी कितीही ओरडलं तरी एका मर्यादेपुढं स्पीकर जाणार नाही. काकड्याचं सेटिंग केलंच नाही. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाऊडस्पीकर बंद, असा २००० सालचा ध्वनिप्रदूषणाचा नियम आहे, आणि आमचा काकडा साडेचारला असतो. पूर्वी तो कर्ण्यावरून अख्ख्या खोऱ्याला ऐकवायचे. आता वीस-पंचवीस माणसं देवळात बसून नुसत्या गळ्यानं म्हणतात. यंदा मी पहिल्यांदाच उठून गेले. शेवटच्या खांबापाशी बसले तरी प्रत्येक शब्द कळत होता.

चौथ्या दिवशी रात्री कीर्तन ऐन रंगात असताना लाइट गेली. धरण हाकेच्या अंतरावर, आणि लाइट गेली. जनरेटर सुरू व्हायला अर्धं मिनिट. जुना ॲनालॉग मिक्सर असता तर करंट येताक्षणी बोलायला लागला असता. डिजिटल म्हणजे शेवटी कॉम्प्युटर. तो उठणार, लोगो दाखवणार, मग आपलं सेटिंग शोधणार. आमच्याला पूर्ण एक मिनिट लागतं. हे मला माहीत होतं. यूपीएस घ्यायचा हे माझ्या शीटमध्ये शेवटच्या ओळीत लिहिलेलंही होतं, आणि पैसे संपल्यावर मीच ती ओळ खोडली होती.

महाराज थांबले नाहीत. दोन पावलं पुढं आले, हात वर करून टाळकऱ्यांना हळू केलं आणि तेच चरण गळ्यावर घेतलं. मागची माणसं आपोआप पुढं सरकली. तोवर जनरेटर धडधडायला लागला, स्क्रीन उजळली, आणि सोळाही दांड्या सरसर आपापल्या जागी जायला निघाल्या. काकांनी दोन्ही तळवे पसरून त्या सगळ्या खालीच दाबून धरल्या. मी म्हटलं, "काका, सोडा, सेटिंग लागलंय." ते म्हणाले, "थांब की. चरण संपू दे."

चरण संपलं. मग त्यांनी महाराजांची दांडी एकट्या अंगठ्यानं इतकी हळू वर नेली, की माइक परत आलाय हे पुढच्या रांगेलाही कळलं नसावं.

दुसऱ्या दिवशी मी पौडला जाऊन यूपीएस आणला. बिल अण्णांकडे आहे, अजून पास झालेलं नाही. तुमच्या मंडळाकडे, देवळात, भजनी मंडळात कुठला मिक्सर आहे आणि तो कोण चालवतं, ते मला व्हॉइस मेसेज करून सांगा. चला, भेटू पुढच्या भागात.